जमिनीखालची गॅसटाकी आणि कोकणातला गंज

मालवण-कसाल रस्त्यावरचे कट्टा हे गाव आसपासच्या वाड्यावस्त्यांची बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. समुद्र येथून दिसत नाही, लाटांचा आवाजही येत नाही. तरीही लोखंडाच्या बाबतीत हा परिसर किनारपट्टीचाच भाग आहे. छपराचे पत्रे, फाटकाच्या बिजागऱ्या, विहिरीवरच्या पंपाचे नटबोल्ट यांना दोन-चार पावसाळ्यांत तांबूस खपल्या धरतात, हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. डोळ्यांना दिसणारा हा गंज खरवडून रंगाचा हात देता येतो. परंतु जे लोखंड जमिनीखाली पुरलेले असते आणि ज्याच्या पोटात दाबाखाली ज्वलनशील वायू भरलेला असतो, त्याच्या गंजाचे काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतरच्या काळात मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात निवासस्थाने आणि उपाहारगृहे वाढली. यांपैकी बहुतेकांची गरज आजही सिलिंडरवर भागते. मात्र इंधनाचा खप वाढला की सिलिंडरच्या रांगेऐवजी एकच मोठी टाकी बसविण्याचा विचार पुढे येतो. आणि जागेची बचत, उन्हापासून बचाव व आगीपासून संरक्षण या कारणांसाठी ती जमिनीखाली ठेवण्याचाही. शहरांतील ऑटो एलपीजी केंद्रांच्या टाक्या अशाच भूमिगत असतात. अमेरिकेच्या ग्रामीण भागात तर घर उबदार ठेवण्यासाठी अंगणात प्रोपेनची टाकी पुरणे ही नित्याची गोष्ट आहे. आपल्याकडचा एलपीजी हा मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असल्याने टाकीच्या रक्षणाचे तत्त्व दोन्हीकडे एकच राहते.

जमिनीखाली का ठेवतात?

१९ नोव्हेंबर १९८४ रोजी मेक्सिको शहराजवळील सान हुआनिको येथे एलपीजी साठवणुकीच्या केंद्रात झालेल्या स्फोटमालिकेत सुमारे ५०० माणसे दगावली. १४ सप्टेंबर १९९७ रोजी विशाखापट्टणम येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात एलपीजीला लागलेल्या आगीत सुमारे ६० जणांचा बळी गेला. उघड्यावरील टाकीला बाहेरून आगीची झळ बसली की आतील द्रव उकळू लागतो, दाब वाढत जातो, तापलेला पत्रा मऊ पडतो आणि अखेर टाकी फाटते. भोवती मातीचे किंवा वाळूचे जाड आवरण असेल तर ही झळ टाकीपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच मोठ्या साठ्यांसाठी टाक्या जमिनीवर ठेवून त्यांवर मातीचा ढिगारा रचण्याची पद्धत भारतात रूढ झाली आणि लहान टाक्यांसाठी त्या पुरण्याची. विशाखापट्टणम येथे तर २००७ पासून खडकात खोदलेल्या गुहेत सुमारे ६० हजार टन एलपीजी साठविण्याची सोय आहे. तेथे पोलादी भिंतच नसल्याने भिंत गंजण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

मातीच्या आवरणाने आगीचे भय कमी होते. पण त्याच आवरणामुळे टाकी दृष्टीआड होते आणि ओल्या मातीच्या सततच्या संपर्कात येते. या व्यवहाराची किंमत गंजाच्या रूपाने मोजावी लागते. ती आधीच ओळखून तिची तरतूद करणे हा भूमिगत टाकीच्या उभारणीचा निम्मा भाग आहे.

गंज म्हणजे विजेचा व्यवहार

ओल्या मातीत लोखंड गंजते ते विद्युत रासायनिक क्रियेने. पत्र्याच्या एका भागातून लोहाचे कण विद्युतभार घेऊन मातीतील ओलाव्यात उतरतात. हा भाग म्हणजे धनाग्र. दुसऱ्या भागावर ऑक्सिजन आणि पाणी यांच्या साहाय्याने ते इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. हा भाग म्हणजे ऋणाग्र. पत्रा ही तार, आणि माती हा विद्युतघटातील द्रव. अशा रीतीने टाकी स्वतःच एक विद्युतघट बनते आणि धनाग्राच्या जागी झिजत जाते.

हा घट तयार होण्यास निमित्ते पुष्कळ असतात. टाकीचा माथा भुसभुशीत, हवेशीर मातीत असतो, तर तळ घट्ट व ओल्या मातीत. ज्या ठिकाणी ऑक्सिजन कमी, तेथे लोखंड अधिक झिजते; म्हणून भूमिगत टाक्यांचा तळ सहसा आधी खराब होतो आणि नेमका तोच भाग पाहणे सर्वांत अवघड असते. एकीकडे चिकणमाती व दुसरीकडे वाळू असली तरी असाच विभवांतर निर्माण होतो.

सर्वांत घातक निमित्त मात्र माणूस स्वतः पुरवतो. टाकीला जोडलेली तांब्याची गॅसनळी किंवा भूयोजनासाठी पुरलेली तांब्याची पट्टी ही ओल्या मातीत लोखंडाच्या शेजारी आली की तांबे ऋणाग्र होते आणि टाकीचा पत्रा धनाग्र. तांबे सुखरूप राहते, टाकी झिजते.

ही झीज किती वेगाने होऊ शकते, याचे गणित साधे आहे. एक अँपिअर प्रवाह वर्षभर लोखंडातून मातीत गेला तर सुमारे ९ किलो लोखंड नाहीसे होते. म्हणजे एक मिलिअँपिअरला वर्षाला ९ ग्रॅम. सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात एक चौरस सेंटिमीटरचे आरपार भोक पडण्यास पाच ग्रॅमहून कमी लोखंड जावे लागते. सगळा प्रवाह त्या एकाच जागी एकवटला तर एक मिलिअँपिअर हे काम सहा महिन्यांत करू शकतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याचा प्रवाह पाच वर्षांत. उरलेली टाकी नव्यासारखी असली तरी तिचा काही उपयोग राहत नाही.

जांभा, पाऊस आणि खारी माती

कोकणच्या कातळाची माती जांभ्यापासून झालेली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा अधिक कोसळणाऱ्या पावसाने तिच्यातील विद्राव्य क्षार शतकानुशतके धुऊन नेले आहेत. त्यामुळे ती आम्लधर्मी असते. तिच्यात लोह आणि ॲल्युमिनिअम यांची ऑक्साइडे उरलेली असतात. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत जांभा विजेला चांगलाच विरोध करतो. अशा स्थितीत गंजही मंदावतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सच्छिद्र जांभ्यात पाणी भरते, रोधकता उतरते आणि गंजाला वेग येतो. एकाच खड्ड्यातील माती मे महिन्यात एक आणि ऑगस्टमध्ये दुसरीच असते, हे येथील वैशिष्ट्य लक्षात घेतल्यावाचून केलेली तपासणी फसवी ठरते.

मातीची गंजकारकता ओळखण्याचे सर्वांत सोयीचे माप म्हणजे रोधकता. साधारणतः १०० ओहम-मीटरहून अधिक रोधकता असलेली माती सौम्य मानतात आणि १० ओहम-मीटरहून कमी असलेली अत्यंत गंजकारक. समुद्राच्या पाण्याची रोधकता सुमारे ०.२ ओहम-मीटर असते. कातळावरची माती आणि खाडीकाठची खारजमीन यांत त्यामुळे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. खाडीच्या चिखलात, कांदळवनाच्या कडेला ऑक्सिजनवाचून जगणारे आणि सल्फेटवर गुजराण करणारे जिवाणू असतात. तेही लोखंडाचा क्षय वेगाने घडवून आणतात. मालवण तालुक्यात चार-सहा मैलांच्या अंतरात या दोन्ही प्रकारच्या जमिनी भेटतात. म्हणून 'शेजारच्या गावात टाकी टिकली' हा युक्तिवाद येथे पुरेसा नाही; रोधकता त्याच जागेवर आणि टाकीच्या खोलीपर्यंत मोजावी लागते.

येथे वाळूचाही प्रश्न येतो. टाकीभोवती खडे नसलेली वाळू भरावी, असा नियम आहे, कारण जांभ्याचा टोकदार तुकडा लेपाला ओरखडा पाडतो. परंतु कर्ली किंवा कालावलच्या खाडीतून काढलेली वाळू गोड्या पाण्याने नीट न धुता भरली तर कातळावरच्या सौम्य मातीच्या मधोमध मिठाचा खड्डा तयार होतो. खडी टाळण्यासाठी आणलेली वाळू मग खडीपेक्षा महाग पडते. नदीच्या गोड्या पाण्यातील वाळू वापरावी, आणि खाडीचीच वापरणे भाग असेल तर ती धुऊन, तिच्यातील क्लोराइडचे प्रमाण तपासूनच वापरावी.

पहिली तटबंदी : लेप

संरक्षणाची पहिली पायरी म्हणजे पत्रा आणि माती यांचा संबंधच तोडणे. यासाठी कारखान्यातच पोलाद वाळूच्या माऱ्याने स्वच्छ करून त्यावर इपॉक्सी, कोलटार-इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचा जाड लेप चढवितात. नुसत्या रेड ऑक्साइडवर तेलरंगाचे दोन हात हा भूमिगत टाकीसाठी लेप नव्हे.

लेप चांगला असूनही त्याला इजा होते ती प्रवासात आणि उतरवताना. साखळीने बांधून उचललेली टाकी, ट्रकमधील लोखंडी पट्टीवर घासलेला तळ, खड्ड्यात उतरताना चिऱ्याच्या कडेला लागलेला धक्का यांमुळे लेपाला सूक्ष्म छिद्रे पडतात. टाकी रुंद पट्ट्यांनीच उचलावी. खड्ड्यात उतरविण्यापूर्वी उच्च दाबाच्या विजेवर चालणाऱ्या तपासणी यंत्राने सर्व पृष्ठभागावरून फिरवून छिद्रे शोधावीत. जेथे ठिणगी पडते तेथे लेप फाटलेला असतो. तेथे त्याच जातीच्या लेपाने डागडुजी करावी आणि तो पूर्ण सुकल्यावरच टाकी खाली उतरवावी. 'आणखी संरक्षण' म्हणून टाकीभोवती प्लॅस्टिकचे कापड गुंडाळण्याचा मोह टाळावा. त्याच्या आत पाणी शिरून साचते आणि पुढे सांगितलेला संरक्षक प्रवाह मात्र टाकीपर्यंत पोहोचत नाही.

कोकणात आणखी एक शक्ती विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे पाण्याची उचल. सुमारे १,९०० लिटरची टाकी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात जवळजवळ दोन टनांची उचल अनुभवते. तिचे स्वतःचे वजन अर्ध्या टनाच्या आत असते आणि प्रोपेन पाण्याच्या निम्म्याच वजनाचे असल्याने पूर्ण भरलेली टाकीसुद्धा तरंगू पाहते. म्हणून ती काँक्रीटच्या पायाला पट्ट्यांनी जखडावी लागते. या पट्ट्यांखाली विद्युतरोधक गाद्या नसतील तर पट्टी लेपाला कापते आणि जेथे हात पोहोचत नाही तेथेच गंजाची सुरुवात होते.

दुसरी तटबंदी : झिजणारा धातू

कोणताही लेप शंभर टक्के अखंड राहत नाही. उरलेल्या छिद्रांचे रक्षण कॅथोडिक प्रोटेक्शनने, म्हणजे ऋणाग्र संरक्षणाने करतात. तत्त्व असे, की लोखंडापेक्षा अधिक सहजपणे झिजणारा धातू तारेने टाकीला जोडून शेजारी पुरायचा. मग तो धनाग्र होतो, संपूर्ण टाकी ऋणाग्र होते. तो झिजतो, टाकी राहते. इंग्रज शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्याचे रक्षण करण्यासाठी जस्त आणि लोखंड वापरून हे तत्त्व सिद्ध केले. पोलादी जहाजांच्या तळाला आजही जस्ताच्या वड्या लावतात, त्या याच कामासाठी.

गोड्या मातीत यासाठी प्रामुख्याने मॅग्नेशियम वापरतात. खाऱ्या, कमी रोधकतेच्या मातीत जस्तही चालते. मॅग्नेशियमचा ठोकळा जिप्सम, बेंटोनाइट माती आणि थोडे सोडिअम सल्फेट यांच्या मिश्रणाने भरलेल्या कापडी पिशवीत येतो. हे मिश्रण ओल धरून ठेवते. पिशवीवरील वाहतुकीचे प्लॅस्टिकचे वेष्टन काढूनच ती पुरायची असते; ते तसेच राहिल्यास ठोकळा जमिनीत असूनही कामाचा नसतो. तो टाकीपासून थोड्या अंतरावर, तळाच्या पातळीपर्यंत खोल पुरावा, माती लोटण्यापूर्वी पाणी घालून भिजवावा आणि तारेचा जोड टाकीवर पक्का करून त्यावर लेप द्यावा.

लेप आणि धातू या दोन्हींची गरज का, हे एका हिशेबाने स्पष्ट होते. १,९०० लिटरच्या टाकीचा पृष्ठभाग सुमारे ९ चौरस मीटर असतो. उघड्या लोखंडाला चौरस मीटरमागे २० मिलिअँपिअर प्रवाह लागतो असे धरले तर लेप नसलेल्या टाकीला १८० मिलिअँपिअर लागतील. मॅग्नेशियम किलोमागे प्रत्यक्षात सुमारे १,१०० अँपिअर-तास देते; ७.७ किलोचा ठोकळा एवढा प्रवाह देऊ शकला तरी पाच-साडेपाच वर्षांत संपेल, आणि जांभ्याच्या मातीत एकट्या ठोकळ्याला तो देता येणारही नाही. तीच टाकी ९९ टक्के लेपलेली असेल तर दोन मिलिअँपिअरहून कमी प्रवाह पुरतो. मॅग्नेशियम स्वतःही मातीत झिजत असल्याने तो शतकभर टिकत नाही. पण काही दशकांची निश्चिंती त्यातून मिळते. लेप नसेल तर ठोकळा लवकर संपतो. ठोकळा नसेल तर लेपाच्या छिद्रातून टाकी फुटते.

मोठ्या साठ्यांसाठी बाहेरून एकदिश वीज देऊन हेच काम करतात. तेथे यंत्राचे धन टोक मातीतील धनाग्रांना आणि ऋण टोक टाकीला जोडलेले असते. ही टोके उलटी जोडली गेली तर टाकीच वेगाने झिजू लागते. शिवाय पावसाळ्यात वीज खंडित झाली की संरक्षणही थांबते. म्हणून लहान टाकीसाठी स्वयंपूर्ण मॅग्नेशियमच अधिक भरवशाचे.

संरक्षित टाकी आणि बाकीचे धातू यांचा संबंध तोडणे तितकेच महत्त्वाचे. गॅसनळीच्या सांध्यात विद्युतरोधक जोड बसवावा. नाही तर मॅग्नेशियम टाकीऐवजी साऱ्या इमारतीची तांब्याची नळी आणि सळया सांभाळत बसते. भूयोजन सुरक्षेसाठी आवश्यक असल्याने ते टाळता येत नाही. पण त्यासाठी तांब्याऐवजी जस्त किंवा जस्तलेपित लोखंड वापरले तर दोन्ही हेतू साधतात.

८५० मिलिव्होल्टची परीक्षा

संरक्षण चालू आहे की नाही, हे खणल्यावाचून कळते. टाकीवरील मातीत तांबे-मोरचूदाचा संदर्भ विद्युतघट टेकवितात, मल्टिमीटरचे एक टोक त्याला व दुसरे टाकीच्या धातूला लावतात. वाचन उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण असेल तर टाकी संरक्षित मानतात. हा निकष अमेरिकी अभियंता रॉबर्ट कुन यांनी १९२८ च्या सुमारास मांडला आणि आजही जगभर तोच वापरला जातो. जिवाणूंचा उपद्रव असलेल्या चिखलट जमिनीत उणे ९५० मिलिव्होल्टची अपेक्षा ठेवतात.

मोजमाप एकाच जागी न करता टाकीच्या दोन्ही टोकांना आणि दोन्ही बाजूंना करावे. माती कोरडी असेल तर ती जागा पाण्याने भिजवावी. अमेरिकेच्या एनएफपीए ५८ या संहितेनुसार टाकी बसविल्यावर पहिली चाचणी, त्यानंतर १२ ते १८ महिन्यांत दुसरी आणि पुढे तीन वर्षांच्या आत पुन्हा, असा क्रम आहे. कोकणातील ऋतुमान पाहता सुरुवातीच्या वर्षी तरी मे आणि ऑगस्ट या दोन्ही महिन्यांत वाचने घेऊन ठेवणे शहाणपणाचे. पुढील प्रत्येक वाचनाची तुलना मग त्याच ऋतूच्या वाचनाशी करता येते.

भारतात एक हजार लिटरहून अधिक पाणीक्षमतेची टाकी दाबपात्रांसंबंधीच्या २०१६ च्या नियमांखाली येते आणि तिच्यासाठी पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. या संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. साठवणुकीच्या मांडणीसाठी आयएस ६०४४ आणि कॅथोडिक संरक्षणासाठी आयएस ८०६२ ही भारतीय मानके उपलब्ध आहेत. परवाना घेताना सादर केलेली कागदपत्रे आणि नंतरच्या चाचण्यांची नोंदवही एकत्र राहिली, तर मालक किंवा पुरवठादार बदलला तरी टाकीचा इतिहास हरवत नाही.

वास न येणारी गळती

टाकीला छिद्र पडल्यावर गॅसचा वास येईलच, अशी समजूत आहे. ती भूमिगत टाकीच्या बाबतीत धोक्याची ठरते. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टनसारखे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. गॅस मातीतून झिरपताना हे द्रव्य मातीत शोषले जाऊ शकते आणि बाहेर पडणारा वायू जवळजवळ वासहीन असतो. तो हवेच्या दीडपट जड असल्याने वर न जाता सखल जागी साचतो. तळघर, गटार, चिऱ्यांच्या कुंपणाचा कोपरा आणि कोकणातल्या प्रत्येक परसातली विहीर, या त्याच्या साचण्याच्या जागा. हवेत त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या थोडे वर गेले की एक ठिणगी पुरते. द्रवरूप प्रोपेनच्या एका लिटरपासून सुमारे २७० लिटर वायू होतो, हे लक्षात घेतले तर बारीक छिद्रही बारीक राहत नाही. म्हणूनच जागा निवडताना विहिरीपासूनचे अंतर, आणि नंतर वायूशोधक यंत्राने नियमित तपासणी, या गोष्टींना वासापेक्षा अधिक मान द्यावा लागतो.

गंजाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याची आठवण मालवणला वेगळ्या संदर्भात झालेली आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला राजकोट येथील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या पडण्याची कारणे अनेक सांगितली गेली. पण पाऊस आणि खारे वारे यांमुळे नटबोल्ट गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याआधी काही दिवस लेखी कळविले होते. तो गंज डोळ्यांना दिसत होता, त्याची नोंद झाली होती आणि तरीही उपाय वेळेत झाला नाही.

जमिनीखालच्या टाकीचा गंज दिसणार नाही आणि त्याबद्दल कोणी आपणहून पत्र पाठविणार नाही. त्याची खबर देणारे साधन म्हणजे संदर्भ विद्युतघट, मल्टिमीटर आणि नोंदवहीतील चार आकडे. कट्ट्यासारख्या गावात ज्यांना अशी टाकी बसवायची असेल, त्यांनी कंत्राट करतानाच पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात : जागेवरील मातीची रोधकता, लेपाच्या चाचणीचा दाखला, वाळू कोठून आणली त्याची माहिती, मॅग्नेशियमच्या ठोकळ्यांची संख्या व वजन, आणि पहिल्या चाचणीची तारीख. त्यानंतरची तारीख पहिल्या पावसाळ्यातील ऑगस्टची असावी.